काळा पडलेला फ्यूज काय सांगतो

बंद पडलेल्या टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की सप्लाय बोर्डावर, मेनची वायर जिथे येते तिथेच, काचेचा एक छोटा फ्यूज दिसतो. काच स्वच्छ आणि आतली तार फक्त मधोमध तुटलेली असेल, तर करंट थोडाच जास्त गेला होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट झाला होता. मग फ्यूजशेजारची नाण्यासारखी चपटी, बहुधा निळी चकती बघायची. ही एमओव्ही, म्हणजे व्हॅरिस्टर, जास्त व्होल्टेज आलं की करंट स्वतःकडे वळवणारा भाग. ती फुटलेली किंवा करपलेली असेल, तर टीव्हीवर जास्त व्होल्टेज आलं होतं असं समजायला हरकत नाही. आणि फ्यूज धड, चकती धड, टीव्ही चालूही होतोय, पण एचडीएमआय पोर्ट मेलाय असं असेल, तर मार बहुधा मेनमधून आलेलाच नसतो. तो सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून आलेला असतो.

या सगळ्याला आपण एकच वाक्य वापरतो, 'व्होल्टेज वाढलं'. नुकसान टाळायचं असेल तर आधी हे वाक्य फोडून बघायला हवं. क्षणभराचा झटका वेगळा, मिनिटभर टिकणारं जास्त व्होल्टेज वेगळं आणि केबलने आत शिरलेली वीज वेगळी. एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही, आणि म्हणूनच 'सगळं लावलं होतं तरी टीव्ही गेला' असं इतक्यांदा ऐकू येतं.

क्षणभराचा झटका, म्हणजे स्पाइक, मायक्रोसेकंदांत मोजतात. प्रयोगशाळेत उपकरणं तपासताना करंटची जी लाट वापरतात ती ८ मायक्रोसेकंदांत शिखरावर जाते आणि सुरुवातीपासून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. जवळपास वीज पडली, लाइनवर मोठं स्विचिंग झालं, मोठी मोटर बंद झाली की असे झटके येतात. एमसीबीला हे दिसतही नाहीत. एमसीबी वायर तापू नये आणि शॉर्ट सर्किट तुटावं म्हणून असतो आणि त्याला उघडायला मिलिसेकंद लागतात, तोवर झटका येऊन गेलेला असतो. स्टॅबिलायझरचंही तेच. त्यातला रिले ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग बदलतो, त्याला तर आणखी वेळ लागतो. कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर चांगला, स्पाइकसाठी नाही. आजच्या बहुतेक टीव्हींचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे व्होल्टेज कमी येतं म्हणून टीव्हीला स्टॅबिलायझर लावायची गरजच नसते. तो खर्च दुसरीकडे करावा.

स्पाइकला अडवते ती हीच चकती. तिच्या अंगावरचा नंबर वाचायला शिकलं की बरंच कळतं. १४डी४७१के असं असेल तर १४ मिलिमीटर व्यास. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्टला ती १ मिलिअँपिअर करंट सोडू लागते. के म्हणजे १० टक्के इकडेतिकडे. सतत ३०० व्होल्ट एसी सोसायची तिची तयारी असते. त्याच्या वर गेलं की झिंक ऑक्साइडच्या कणांमधून करंटला वाट मिळते आणि झटका उपकरणात जाण्याऐवजी चकतीतून परत फिरतो. पण प्रत्येक मोठा झटका चकतीला थोडा कमजोर करून जातो. हळूहळू ती साध्या २३० व्होल्टवरही करंट गळू देते, तापते, आणखी गळते. म्हणून चांगल्या बनावटीच्या स्पाइक गार्डच्या पट्टीत चकतीला चिकटून थर्मल फ्यूज असतो आणि तो तुटला की 'प्रोटेक्टेड' लिहिलेला दिवा विझतो. हा दिवा विझला तरी सॉकेटमध्ये सप्लाय येतच राहू शकतो. दिवा विझलेली पट्टी आता फक्त एक्स्टेंशन बोर्ड आहे, तिचं संरक्षण संपलं.

बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या पट्ट्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. काहींमध्ये फक्त लाल दिवा आणि फ्यूज. काहींमध्ये फेज-न्यूट्रलमध्ये एकच छोटी चकती. घ्यायची ती तिन्ही जोड्यांमध्ये चकत्या असलेली: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. ज्यूलचा आकडा लिहिलेला असावा, जितका मोठा तितकी ती जास्त झटके झेलेल. एकातून दुसरी पट्टी जोडू नये, आणि हीटर किंवा एसी तिच्यावर कधीच नको. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला लावली तर तीनपैकी दोन चकत्या नुसत्या शोभेच्या.

आता अर्थिंगची तपासणी. मल्टीमीटरने फेज-अर्थ २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग उत्तम, हा समज खोटा आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओम असतो, त्याला गंजक्या, अर्धवट तुटलेल्या अर्थमधूनही २३० दिसतात. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायची जुनी पद्धतही नको. आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होईल ते ठीक, पण आरसीसीबी नसेल आणि अर्थ खराब असेल, तर घरातल्या सगळ्या धातूच्या बॉडीत करंट येऊ शकतो. अर्थ टेस्टर घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच मोजून घ्यावं. आपल्याला घरी बघता येतं ते न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज: घरातला भार चालू असताना ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. वीस-पंचवीस दिसलं तर न्यूट्रल ढिला आहे किंवा अर्थिंग गेलंय. मीटर कॅट ३ वर्गाचा, म्हणजे घराच्या मेन वायरिंगवर वापरायला सुरक्षित असावा.

पट्टी हा शेवटचा पहारेकरी. पहिला मेन बोर्डात हवा, टाइप २ एसपीडी, म्हणजे झटका अर्थकडे वळवणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. इमारतीवर तडितवाहक असेल किंवा सप्लाय उघड्या तारांवरून येत असेल, तर त्याच्याही आधी टाइप १ चा विचार करावा लागतो. टाइप २ घेताना तीन आकडे बघायचे: सतत सोसायचं व्होल्टेज २७५ किंवा ३२० (सप्लाय चढा असतो तिथे ३२०), नाममात्र करंट २० किलोअँपिअर, आणि झटका आल्यावर तो किती व्होल्टवर थोपवेल तो आकडा १.५ किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी. त्याच्या मागचा एमसीबी किंवा फ्यूज बनवणाऱ्याने डेटाशीटमध्ये सांगितलेलाच लावायचा.

इथे जी चूक सर्रास होते ती वायरीची. एसपीडी बोर्डाच्या एका कोपऱ्यात बसवतात आणि अर्थची वायर छान वळसा देऊन, बांधून, लांबून नेतात. दिसायला सुरेख, कामाला कुचकामी. सरळ वायरीच्या एका मीटरमध्ये साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. १० किलोअँपिअरची लाट ८ मायक्रोसेकंदांत चढली तर त्या एका मीटरवर बाराशे-साडेबाराशे व्होल्ट उभे राहतात. एसपीडीचे १,५०० आणि वायरीचे १,२०० मिळून झाले २,७००. घरातली साधारण उपकरणं २,५०० व्होल्टचा झटका सोसतील अशा हिशोबाने बनवलेली असतात. म्हणजे एसपीडी उत्तम, पैसे दिलेले, आणि एक मीटर वायरीने सगळं घालवलं. फेजकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थ बारपर्यंत, दोन्ही मिळून अर्धा मीटर, याच्या वर जायचं नाही. वायर ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, वळसे न देता. बोर्डात जागा नसेल तर इतर एमसीबी सरकवावेत, एसपीडी नाही. बोर्डापासून टीव्ही दहा मीटरपेक्षा लांब असेल तर टीव्हीपाशी ती चांगली पट्टी हवीच.

पण एवढं सगळं लावूनही जे घर पुरतं उद्ध्वस्त करतं ते संकट स्पाइकचं नसतं, न्यूट्रल तुटण्याचं असतं. तीन फेजच्या सप्लायमध्ये न्यूट्रल सगळ्यांना मिळून एकच. तो वर कुठेतरी तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं ४०० व्होल्टला सिरीजमध्ये लागतात. गणित करून बघा. शेजारी २,००० वॉटचा हीटर चालू आहे, त्याचा रोध सुमारे २६ ओम. आपल्याकडे फक्त १०० वॉटचा भार, म्हणजे ५२९ ओम. ज्याचा रोध जास्त त्याला व्होल्टेज जास्त, त्यामुळे आपल्या वाट्याला जवळजवळ ३८० व्होल्ट येतात आणि शेजाऱ्याचा हीटर कोमट पडतो. ३८० चं शिखर ५३७ व्होल्ट. टीव्हीच्या सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो, वरून फुटतो. आपली ४७० व्होल्टची चकती दर अर्ध्या फेऱ्यात करंट सोडते आणि काही सेकंदांत जळून शॉर्ट होते. तिच्या आधी फ्यूज असेल तर तो उडून बाकीचा बोर्ड वाचतो. पट्टीतल्या चकतीला थर्मल फ्यूज नसेल तर ती पेट घेऊ शकते.

न्यूट्रल जायच्या आधी पुष्कळदा खूण देतो. पंप किंवा इस्त्री लावल्यावर दिवे मंद होतात, यात नवल नाही. पण जड उपकरण लावल्यावर काही दिवे जास्त उजळले, किंवा एका खोलीत दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीत भगभगीत, तर लगेच मेन स्विच बंद करायचा आणि वीज कंपनीला कळवायचं. नंतर बघू म्हणायची ही वेळ नव्हे.

यावर उपाय वेगळा: बोर्डात मेन स्विचनंतर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. त्याचं अँपिअर रेटिंग मेन एमसीबीइतकं किंवा जास्त हवं. वरची मर्यादा २६५ ते २७०, खालची १७० ते १८०, आणि परत जोडायला उशीर तीन ते पाच मिनिटं. हा उशीर फ्रिज आणि एसीसाठी. कॉम्प्रेसर बंद झाल्या झाल्या लगेच सुरू केला तर आतला दाब उतरलेला नसतो, मोटर अडकते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. असा प्रोटेक्टर नसेल, तर लाइट गेल्यावर फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही प्लगमधून काढावेत आणि सप्लाय परत आल्यावर पाच मिनिटं थांबून एकेक लावावं. वरची मर्यादा २५० वर ठेवली तर तो सारखा ट्रिप होतो आणि लोक वैतागून काढून टाकतात, म्हणून इतकी कमी ठेवू नये. न्यूट्रलची घटना होऊन गेल्यावर एसपीडीची खिडकीही बघावी. हिरवी असेल तर ठीक, लाल असेल तर कार्ट्रिज बदलायचं.

राहिला केबलचा रस्ता. छतावरच्या डिशला स्वतंत्र अर्थ रॉड दिलेला असेल, तर तो एकीकडे आणि घराचा अर्थ दुसरीकडे. जवळ वीज पडली की या दोन अर्थांमध्ये काही हजार व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि त्या दोघांना जोडणारी एकमेव वायर आपल्या टीव्हीतून जाते. एचडीएमआयच्या चिपला इतकं सोसणं शक्यच नाही. दोन्ही अर्थ जाड तांब्याच्या वायरीने एकमेकांना जोडून घ्यावेत, केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक (केबलचं बाहेरचं आवरण अर्थला जोडणारा तुकडा) लावावा, आणि टीव्हीपाशी अशी पट्टी घ्यावी जिच्यात मेनबरोबर केबलचाही सॉकेट आहे. लॅनची लांब तार बाहेरून येत असेल तर तिलाही हेच लागू. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबर ज्याला जोडतात त्या डब्याचा अडॅप्टर मेनवरच असतो.

विजा कडाडायला लागण्याआधी प्लग काढणं हा अजूनही सगळ्यांत खात्रीचा उपाय. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण भिंतीवरचं बटण बहुधा फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. प्लगबरोबर डिशची केबल आणि लॅनही काढायची. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्या टप्प्यात आलीच, तेव्हा केबलना हात लावू नये.

आणि टीव्ही गेलाच, तर फ्यूजच्या जागी तार जोडून चालू करू नका. नेमक्या त्याच रेटिंगचा फ्यूज आणि त्याच नंबरची चकती लागते. बोर्डाचं काम माहीत असणाऱ्यानेच हात घालावा, कारण मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो २.२ किलोओम, १० वॉटच्या रेझिस्टरने उतरवून मीटरवर शून्य बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही. दुरुस्ती झाली की पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, ६० किंवा १०० वॉटच्या तारेच्या बल्बमधून सप्लाय द्यायचा. बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर कॅपॅसिटर भरला आणि पुढे शॉर्ट नाही. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर ब्रिज डायोड (एसीचं डीसी करणारा) किंवा स्विचिंग मॉसफेट (सप्लाय झपाट्याने चालू-बंद करणारा) अजून शॉर्ट आहे; नवा फ्यूज वाया घालवू नका, आधी ते दोन्ही मीटरवर तपासा.