सुनावणी लवकर मागताना

माझ्या आत्याने पुण्यातील आपल्या दोन खोल्यांचा ताबा भाडेकरूकडून परत मिळावा म्हणून दावा लावला, तेव्हा ती बाहत्तर वर्षांची होती. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिची उलटतपासणी अजून पुरी झालेली नाही.

सुनावणी लवकर व्हावी म्हणून आम्ही पहिला अर्ज दिला, त्यात तिचे वय, गुडघ्यांचे दुखणे आणि ‘न्यायाच्या दृष्टीने’ हे ठरावीक शब्द एवढेच होते. त्यावर प्रतिवादीचे म्हणणे आले, अर्ज फाईलला लागला आणि तारखा पूर्वीसारख्याच पडत राहिल्या. त्याचे मला वाईट वाटले. पण न्यायालयाच्या त्याच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, तितकीच थकलेली आणखी कितीतरी माणसे होती, हेही खरे होते.

दुसऱ्या अर्जाआधी आम्ही रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याच्या नोंदीची, नक्कल काढली. आत्याने चष्मा पुसून, लाल पेन्सिल घेऊन एकेक तारीख स्वतः तपासली. एकूण शेहेचाळीस तारखा होत्या. सतरा वेळा प्रतिवादीने तहकुबी, म्हणजे सुनावणी पुढे ढकलून, मागितली होती, वीस वेळा न्यायाधीशांची रजा, बदली किंवा वेळेचा अभाव हे कारण होते, आणि नऊ वेळा आमच्याच वकिलांनी मुदत घेतली होती. त्या नवांपाशी तिची पेन्सिल बराच वेळ थांबली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षाला साधारणतः तीनपेक्षा अधिक तहकुब्या देता येत नाहीत. त्या तरतुदीखाली हा सगळा तक्ता, आमच्या नऊ तारखांसकट, आम्ही अर्जाला जोडला. न्यायालयाने तो वाचला आणि उलटतपासणीसाठी पंधरा-पंधरा दिवसांच्या तारखा नेमून दिल्या.

थेट उच्च न्यायालयात जाऊन मुदत ठरवून आणा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी स्पष्ट केले आहे की, वरच्या न्यायालयांनी इतर न्यायालयांतील प्रकरणे अमुक मुदतीत निकाली काढण्याचे आदेश एरवी देऊ नयेत, ते अपवादात्मक परिस्थितीपुरते ठेवावेत. हे मला योग्य वाटते, कारण वर जाण्याचा खर्च ज्याला परवडतो त्याची फाईल पुढे सरकली की ज्याला परवडत नाही त्याची मागे पडते.

भाडेकरूचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 प्रमाणे घरमालकाची निकड खरी ठरली तरी कोणाचे हाल अधिक होतील हे न्यायालयाला तोलावे लागते, आणि ते पुराव्याशिवाय तोलता येत नाही. तीस वर्षे त्या खोल्यांत संसार केलेल्या माणसाला आपले म्हणणे पूर्ण मांडता आलेच पाहिजे. आम्ही लवकरची तारीख मागितली, त्याची साक्ष आटोपती घ्या असे म्हटले नाही.

मात्र लांबणीत कोणाचा फायदा आहे, हेही बोलले पाहिजे. निष्कासनाचा, म्हणजे जागा खाली करण्याचा, हुकूमनामा झाल्यानंतर भाडेकरूने अपिलात स्थगिती मागितली, तर बाजारभावाने भरपाई भरण्याची अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सांगितले. दावा चालू असेपर्यंत मात्र जुनेच भाडे चालू राहते, म्हणून सगळी ओढाताण पहिल्याच न्यायालयात होते आणि तिथला प्रत्येक तहकुबी अर्ज भाडेकरूला स्वस्त पडतो.

पुढची तारीख गुरुवारी आहे. या वेळी आमच्या वकिलांनी त्या दिवशी दुसरे काम घेतलेले नाही, हे आत्याने त्यांना दोनदा फोन करून विचारून घेतले आहे.