नदी तुटू न देता: कोयनाकाठचे नऊ दिवस

पाटण आणि कऱ्हाडच्या मधे कोयनेच्या काठावर आमची उपसा सिंचन संस्था आहे, मी तिचा सचिव. एका जानेवारीत निरोप आला, की धरणाच्या पायथा वीजगृहाचे वीज तयार करणारे दोन्ही संच ठरलेल्या देखभालीसाठी नऊ दिवस बंद राहणार. गहू ओंबीवर होता, तोडलेल्या उसाचा खोडवा पहिल्या पाण्याची वाट बघत होता. मनात एकच आलं, नदी तुटणार.

कोयना म्हटलं की लोकांना पोफळीचं वीजगृह आठवतं. प्रकल्पाच्या 1960 मेगावॉटपैकी पायथा वीजगृहाचे जेमतेम 40. बाकीच्या विजेसाठीचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरून कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळतं, ते आमच्याकडे परत येत नाही. पूर्वेला नदीत सोडतात ते शेतीचं आणि पिण्याचं पाणी, जाता जाता त्यावर वीज काढून घेतात. एक संच चालला की 1050 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दोन्ही चालले की 2100. जानेवारीत केरा, मोरणा, वांग या उपनद्या बारीक झालेल्या असतात. म्हणजे आमच्या दारातली नदी बहुतेक त्या संचांतूनच येते.

बैठकीला आम्ही पूर्ण पाण्याची मागणी लिहून नेली होती. शाखा अभियंत्यांनी कागद बाजूला ठेवला. "सचिव, किती पाणी पाहिजे ते नंतर. तुमच्या पंपाला नदी कुठवर लागते, ते सांगा." आम्हाला मोटारींची अश्वशक्ती पाठ होती, एकर पाठ होते. पण नदी कितव्या पायरीला आली की पंप हवा ओढतो, हे कुणालाच सांगता येईना.

मग त्यांनी समजावलं. वीजगृह बंद असलं तरी धरणाच्या नदी विमोचकातून, म्हणजे नदीत पाणी सोडायच्या दारातून, पाणी सोडता येतं. फरक जोराचा आहे. संचातून जाताना पाण्याचा जोर वीज होऊन निघून जातो, विमोचकातून तेच पाणी सगळा जोर घेऊन बाहेर झेपावतं. तो जोर खाली जिरवावा लागतो, म्हणून दार थोडं थोडं उघडायचं. आणि क्रम चुकवायचा नाही: आधी विमोचक उघडायचा, तिकडून पाणी लागलं की मग संच उतरवायचा. उलट केलं तर मधे खंड पडतो. 1050 क्युसेकचा एक तास म्हणजे सुमारे 10 कोटी 70 लाख लिटर. मागाहून तेवढं पाणी सोडून भरपाई होत नाही. तो खंड तसाच खाली सरकत जातो आणि प्रत्येक गावाला आपल्या वेळेला गाठतो.

चार दिवस आम्ही काठाने फिरलो. वरच्या-खालच्या मिळून अकरा जॅकवेल, म्हणजे पंपांच्या विहिरी. प्रत्येक ठिकाणी बांबू घालून फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळच्या झडपेवर, किती पाणी आहे ते मोजलं. दहा विहिरी निम्म्या पाण्यावरही चालल्या असत्या. एकच उथळ होती, आणि तिच्यासाठी सगळ्या नदीची पातळी वर ठेवा म्हणून आम्ही भांडणार होतो! तिचा पाइप दहा फुटांनी वाढवला, समोरचा गाळ काढून चर मारला. घाटाच्या चौथ्या पायरीवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली, आणि मागणीत क्युसेकऐवजी ती रेघ गेली: पाणी तिच्याखाली जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आमच्या कागदावर नव्हती. डोहावर जाळं टाकणारे तात्या बैठकीच्या शेवटी उभे राहिले. "पाणी उतरवा, पर पळवू नका. माशाला कळाया येळ लागतो." पाणी झपकन ओसरलं की मासे कडेच्या खळग्यांत अडकतात, दुपारपर्यंत तडफडतात. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवायचं, हे त्यांच्यामुळे नोंदीत आलं. त्या दिवशी सगळ्यात मोलाचं बोलणं त्यांचं होतं, असं मला आजही वाटतं.

बदलाच्या दिवशी मी घाटावरच बसलो. धरणात दुपारी केलेला फेरफार आमच्यापर्यंत यायला रात्र झाली. बॅटरीच्या उजेडात पाणी बोट बोट खाली येत होतं. रेघेच्या वर चार बोटं उरली आणि तिथं थांबलं. अर्धा तास पाहिलं, हललं नाही.

दुसऱ्या रात्री मात्र आमचाच पंप घरघरायला लागला. नदी जागेवर होती. आम्ही मारलेल्या चराची वाळू ढासळून तोंड बुजलं होतं. कडाक्याच्या थंडीत पाचजण मांडीभर पाण्यात उतरलो, पहाटेपर्यंत घमेल्याने वाळू काढली. चराच्या कडेला पोती लावायला हवी होती, ते राहिलं होतं. सकाळी लावली.

नवव्या दिवशी उलटा क्रम: आधी संच सुरू, मग विमोचक कमी. थोडा वेळ दोन्हीकडचं पाणी एकत्र येतं आणि नदी चढते, म्हणून आदल्या संध्याकाळीच गावात दवंडी दिली: सकाळी धुणं, जनावरं पात्रात नकोत. साडेआठला पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. रेघ खोल बुडाली. मी वरच्या वाडीला फोन केला, "गव्हाचं दार मोडा, पाणी सोडतोय."