हिराकस, गंधक आणि तपकिरी कोळसा

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवायचे बंद भांडे, थंड झाल्यावर मी झाकणाचे नट सैल केले आणि आतला काळा, दाट द्रव बीकरमध्ये ओतला, तेव्हा प्रयोगशाळेतले मामा लांबूनच म्हणाले, “काय रे, ट्रंकेतल्या साड्यांचा वास कुठून येतोय?” मुंबईतल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी लिग्नाइटपासून, म्हणजे तपकिरी कोळशापासून, द्रव इंधन तयार करण्याचे प्रयोग करत होतो, आणि त्या दिवशी मामांचे नाक माझ्या नोंदवहीच्या पुढे होते. तो वास नॅफ्थलीनचा, म्हणजे डांबराच्या गोळ्यांचा होता. कोळशाची पूड मी टेट्रालिन या द्रावकात कालवली होती, आणि टेट्रालिनच्या रेणूने आपल्याजवळचे चार हायड्रोजन अणू देऊन टाकले की मागे नॅफ्थलीनच उरते.

कोळसा आणि डिझेल यांच्यातले अंतर मुख्यतः हायड्रोजनचे आहे. कोळशात कार्बनच्या दर दहा अणूंमागे हायड्रोजनचे साधारण आठ अणू असतात, डिझेलमध्ये अठरा-एकोणीस. तापमान चारशे अंशांच्या वर गेले की कोळशातले अवाढव्य रेणू तुटू लागतात, पण तुटलेल्या टोकांना तिथल्या तिथे हायड्रोजन मिळाला नाही, तर ती एकमेकांनाच चिकटतात आणि भांड्याच्या तळाशी मूळ कोळशापेक्षाही हट्टी असा कोक जमतो. हा कोक खरवडून काढण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत.

लिग्नाइट म्हणजे भूगर्भात पुरता न पिकलेला कोळसा. तो लवकर तुटतो, हा त्याचा गुण. त्याच्यात पाणी आणि ऑक्सिजन फार, हा दोष. तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या खाणीतून निघणाऱ्या लिग्नाइटचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. पाणी उडवता येते, ऑक्सिजनचे मात्र तसे नाही. पाणी आणि राख वगळून शंभर किलो लिग्नाइट घेतले आणि त्यात पंचवीस किलो ऑक्सिजन आहे असे धरले, तर तो सगळा पाण्याच्या रूपाने बाहेर पडताना सोबत तीन किलोंहून अधिक हायड्रोजन घेऊन जाईल, आणि त्या लिग्नाइटमध्ये मुळात हायड्रोजन असतो पाच किलोंच्या आसपास. त्यामुळे ऑक्सिजनचा जेवढा वाटा कार्बन डायऑक्साइड होऊन जाईल तेवढी हायड्रोजनची बचत होते, अर्थात तेवढा कार्बनही हातचा जातो.

बाहेरून दाबाखाली दिलेला हायड्रोजन या तुटलेल्या टोकांपर्यंत आणि टेट्रालिनसारख्या द्रावकापर्यंत पोहोचवणे हे उत्प्रेरकाचे काम. मॉलिब्डेनम ते लोखंडापेक्षा सरस करते, परंतु ते महाग आहे आणि राखेत व न विरघळलेल्या कोळशात मिसळल्यावर परत मिळवणे जिकिरीचे ठरते. म्हणून एकदाच वापरून सोडून देता येईल असे लोखंड निवडतात. माझे लोखंड प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानातून आणलेले हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, होते. दुकानदाराने ते कशासाठी हवे असे विचारल्यावर मी “पेट्रोल करायला” असे खरे उत्तर दिले, आणि त्याने मुकाट्याने पावती फाडली. हिराकसाच्या द्रावणात लिग्नाइट भिजवून ठेवले की त्यातल्या आम्लधर्मी गटांवर लोहाचे आयन जाऊन बसतात आणि लोखंड कणाकणांत पसरते. कोरडी भुकटी वरून मिसळून हे साधत नाही.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की आपण घालतो ते द्रव्य आणि प्रत्यक्ष काम करते ते द्रव्य एक नसते. सोबत पुरेसे गंधक दिले तर भट्टीच्या तापमानाला लोहाचे संयुग पायरोटाइट या सल्फाइडमध्ये बदलते, आणि खरे काम हे सल्फाइड करते. गंधक कमी पडले तर लोखंड नुसतेच पडून राहते. कच्छच्या लिग्नाइटमध्ये पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज जात्याच असते आणि तापवल्यावर त्याचेही पायरोटाइट होते, म्हणजे उत्प्रेरकाचा काही भाग कोळशाने घरूनच आणलेला असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश बर्गियसने १९१३ साली दाबाखालच्या हायड्रोजनने कोळशाचे तेल करण्याच्या या प्रक्रियेचे पेटंट घेतले. पुढे त्याने कोळशात लोहयुक्त लाल गाळ मिसळला तो तेलातले गंधक शोषून घेण्यासाठी, आणि तोच गाळ उत्प्रेरकाचेही काम करत होता. १९२७ साली जर्मनीत लॉयना येथे तपकिरी कोळशापासून पेट्रोल निघू लागले आणि १९३१ साली बर्गियसला कार्ल बॉशसमवेत नोबेल मिळाले.

माझा घोळ मात्र उत्प्रेरकात नव्हता. जुलै महिन्यात हवेतल्या दमटपणाला कंटाळून मी लिग्नाइटची पूड रात्रभर साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवू लागलो, आणि तेलाचे प्रमाण घसरत गेले. तीन आठवडे मी गंधकाचे माप बदलत राहिलो. अखेर लक्षात आले, की गरम हवेत ती पूड पाणी सोडता सोडता ऑक्सिजन धरत होती, म्हणजे जे काढायचे तेच मी रोज रात्री आत भरत होतो. नायट्रोजनच्या प्रवाहात वाळवायला सुरुवात केल्यावर त्याच हिराकसाने, त्याच गंधकाने तेल पुन्हा पहिल्यासारखे येऊ लागले.

आज या मार्गाचा मोठा कारखाना चीनच्या इनर मंगोलियात आहे. २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या कारखान्यातही उत्प्रेरक लोखंडाचाच आहे, फक्त अत्यंत बारीक कणांचा. आपल्याकडे हे व्हावे का, असे मला विचारतात तेव्हा मी उत्प्रेरकाबद्दल बोलत नाही, कारण तो खर्चाचा लहान भाग आहे. मी हायड्रोजन कुठून आणणार ते विचारतो. तो कोळशापासूनच काढायचा असेल, तर प्रत्येक टन हायड्रोजनमागे जवळजवळ वीस टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि मग गाडीच्या धुराड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच इंधनाचा बराचसा धूर होऊन गेलेला असतो.