तुम्ही विचारलेत म्हणून : एकाच खिडकीचे इतके फोटो कशाला?

माझी छायाचित्रे पाहणारे बहुतेक जण पहिल्या दहा-पंधरा चित्रांपर्यंत गप्प असतात आणि मग, शक्य तितक्या सौम्यपणे, विचारतात, "ही सगळी एकाच खिडकीची आहेत का?" हो म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि खरा प्रश्न तोच असतो. मी छायाचित्रे विकत नाही, स्पर्धांना पाठवत नाही, माझा पोटापाण्याचा उद्योग अगदी वेगळा आहे. असे असताना एकाच जागेची, एकाच वस्तूची, एकाच माणसाच्या हातांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढायची कशासाठी, आणि असल्या कल्पना सुचतात तरी कुठून? आजवर "हौस, दुसरे काय" एवढे बोलून मी विषय बदलत आले. ते उत्तर खोटे नाही, पण पळवाटेचे आहे. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट सांगते.

सुरुवात कल्पनेतून झाली नाही, वैतागातून झाली. हार्ड डिस्क भरली म्हणून नको असलेली छायाचित्रे काढून टाकायला बसले, तेव्हा १४,००० चित्रांपैकी नक्की नको असलेली कोणती हेच ठरवता येईना. सूर्यास्त होते, फुलपाखरे होती, पाण्यातली प्रतिबिंबे होती, आणि त्यांतली बरीचशी बरी होती. अडचण त्या "बरी" या शब्दातच होती. त्यांतले कोणतेही चित्र त्या क्षणी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही काढता आले असते, आणि ते मी का काढले याचे उत्तर "समोर छान दिसत होते म्हणून" यापलीकडे जात नव्हते. त्या रात्री मी काहीच पुसले नाही. पण पुढचे एक वर्ष छान दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे जायचे नाही, असे मात्र ठरवले.

मग नियम केले. घरातल्या पूर्वेकडच्या खोलीत एक साधी खिडकी आहे. तिच्यातून बघण्यासारखे विशेष काही नाही, आणि म्हणूनच ती निवडली. रोज सकाळी घड्याळात ९ वाजता, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून, त्याच लेन्सने एकच छायाचित्र काढायचे. दुसरे नाही, सुधारून पुन्हा नाही. प्रवासाला गेले तर त्या दिवसाची जागा रिकामी सोडायची. एवढेच.

पहिले नऊ दिवस मी कॅमेरा ऑटोवर ठेवला होता, आणि या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत उपयोगी पडलेला धडा त्या चुकीतून मिळाला. दहाव्या दिवशी नऊ चित्रे शेजारी शेजारी लावली, तर ती जवळजवळ सारखीच उजळ होती, जरी त्यांतल्या एका सकाळी आभाळ इतके भरून आले होते की खोलीत दिवा लावावा लागला होता. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर येईल त्या दृश्याला सरासरी मध्यम करड्या उजळपणावर आणायला बघतो. अंधार असला की शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, ऊन असले की कमी. रंगांचेही तेच : ऑटो व्हाइट बॅलन्स सकाळचा पिवळेपणा आणि ढगाळ दिवसाचा निळेपणा दोन्ही पुसून पांढऱ्याला पांढरे करून देतो. हे तो आपल्या भल्यासाठीच करतो, वाढदिवसाचे फोटो त्यामुळेच नीट येतात. पण मला तर एका सकाळीत आणि दुसऱ्या सकाळीत काय फरक असतो तेच बघायचे होते, आणि कॅमेरा नेमका तो फरक रोज निष्ठेने खोडून काढत होता. त्या दिवशी एफ/८ (लेन्सचे छिद्र किती उघडे ते), १/६० सेकंद (शटर किती वेळ उघडे ते), आयएसओ २०० (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) आणि दिवसाउजेडाचा व्हाइट बॅलन्स असे आकडे ठरवून टाकले आणि फोकसच्या कड्यालाही चिकटपट्टी लावली. त्यानंतरची काही चित्रे जवळपास काळी आहेत, काहींत खिडकी पांढरी फटफटीत झाली आहे. छायाचित्रणाच्या कोणत्याही वर्गात ती बिघडलेली म्हणून बाजूला काढली जातील. माझ्या संग्रहातली खरी चित्रे तीच आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता त्या खिडकीत मला काय मिळाले ते सांगते, कारण ते मी शोधायला गेले नव्हते. खिडकीतून जमिनीवर उन्हाचा एक तिरका चौकोन पडतो. पहिले काही आठवडे मी त्याच्याकडे लक्षही दिले नाही. मार्चच्या सुमारास तो दिवसाला बोटभर सरकू लागला आणि रोजच्या चित्रात सहज कळू लागला. जूनमध्ये मात्र आठवडा गेला तरी जागचा हलेना. वर्ष संपल्यावर ऊन असलेल्या दिवसांची २११ चित्रे मी एकावर एक ठेवली आणि त्या चौकोनाचा एकच कोपरा प्रत्येक चित्रात ठिपक्याने दाखवला. (मधे एकदा झाडलोट करताना जमिनीवरच्या पट्ट्या निघून गेल्या होत्या, म्हणून काही चित्रे जुळेनात, शेवटी भिंतीतल्या खिळ्याच्या एका भोकावरून ती जुळवली. त्या भोकाची मी आजही ऋणी आहे.) ठिपके जोडल्यावर सरळ किंवा वाकडी रेघ यायला हवी होती. आला तो इंग्रजी आठाचा आकडा, एक पोट लहान आणि एक मोठे असलेला.

याचे कारण नंतर वाचून कळले. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो, हे शाळेत शिकलो होतो. आठाची उंची त्याच्यामुळे येते. पण सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही, हे शिकूनही मनात उतरले नव्हते. एक तर अक्षाचा तो कल, आणि दुसरे म्हणजे पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तिचा कमी-जास्त होणारा वेग, या दोहोंमुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य आपल्या घड्याळाच्या साधारण १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास १४ मिनिटे मागे पडतो. या मागे-पुढे होण्याने रेघेची रुंदी होते आणि तिचा आठ होतो. म्हणजे माझे "रोज ९ वाजता" घड्याळाला तेवढे खरे होते, सूर्याला नव्हते. या आकृतीला अ‍ॅनालेमा म्हणतात, आणि डेनिस डी चिको या अमेरिकी छायाचित्रकाराने १९७८-७९ मध्ये प्रत्यक्ष सूर्याची अशी आकृती एकाच फिल्मवर वर्षभर पुन्हा पुन्हा एक्सपोजर देऊन टिपली होती. तेव्हा मी नवीन काही केले असे अजिबात नाही. पण मी खिडकीचे फोटो काढत होते आणि माझ्या नकळत जमिनीवर पृथ्वीच्या कक्षेची नोंद होत होती, याचा आनंद कोणी आधी केले म्हणून कमी झाला नाही.

खिडकीचेही तसेच. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढली. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या शहरात कॅमेरा घेऊन हिंडणे सोपे नव्हते. काचेवरचे दव, पलीकडचे वाकडे झाड, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला एखादा पेला, एवढ्यावर त्यांनी चौदा वर्षे काढली. माझ्या एका वर्षाला कंटाळवाणे म्हणणाऱ्यांना मी हल्ली सुदेक यांची चित्रे दाखवते आणि गप्प बसते.

या सगळ्यावरून वाटेल की नियम केला आणि पुरेसा काळ थांबले की काहीतरी हाती लागतेच. तसे नाही. दारांचा माझा प्रकल्प साफ फसला. जुनी, रंग उडालेली, कड्या-कोयंड्यांची दारे मी दीड वर्ष जमवत होते. १४० दारे झाली, पाहणाऱ्यांना ती खिडकीपेक्षा कितीतरी जास्त आवडत होती, आणि मला मात्र प्रत्येक नव्या दाराबरोबर कामाचा कंटाळा येत होता. कारण समजायला बेर्न्ट आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याचे काम पाहावे लागले. १९५९ पासून ते पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, शीतक मनोरे अशा औद्योगिक बांधकामांची कृष्णधवल छायाचित्रे काढत राहिले : आभाळ ढगाळ असताना, म्हणजे सावल्या पडू नयेत, समोरून, शक्य तर थोड्या उंचीवरून, म्हणजे उभ्या रेषा झुकू नयेत, आणि मग एकाच प्रकारची नऊ-बारा बांधकामे एका जाळीत शेजारी शेजारी मांडायची. एकटी टाकी पाहिली तर त्यात काही नाही. बारा एकत्र पाहिल्या की डोळा आपोआप तुलना करू लागतो, एकच काम करणाऱ्या वस्तू इतक्या वेगवेगळ्या का घडल्या हा प्रश्न पडतो, आणि त्यांना शिल्पे म्हणावेसे वाटते. १९९० च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना पुरस्कारही शिल्पकलेसाठीचा मिळाला, छायाचित्रणासाठीचा नव्हे. माझी दारे मात्र कधी उन्हात, कधी सावलीत, कधी जवळून, कधी तिरपी. प्रत्येक दार आपापल्या परीने सुंदर दिसावे एवढीच धडपड होती. त्यामुळे त्यांची आपसांत तुलनाच होत नव्हती. तो संग्रह होता, पोस्टाची तिकिटे जमवावीत तसा. मी तो थांबवला. पुन्हा हाती घेण्याचा विचार अधूनमधून येतो, पण तेवढ्यासाठी १४० दारांकडे ढगाळ दिवशी परत जाण्याचा उत्साह नाही.

रिकाम्या डब्याचाच कॅमेरा करण्याचा प्रकल्प सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त संयम मागणारा. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याला सुईच्या टोकाने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचे छिद्र पाडायचे, आत कृष्णधवल छपाईचा प्रकाशसंवेदी कागद गोल बसवायचा, वरचे तोंड प्रकाशबंद करायचे आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला डबा, छिद्र आकाशाकडे येईल असा, खांबाला बांधून टाकायचा. जूनच्या २१ पर्यंत त्याला हात लावायचा नाही. सूर्य रोज कागदावर एक कमान भाजत जातो, सहा महिन्यांत कमानींची शिडी तयार होते, आणि ढगाळ दिवशी त्या कमानी तुटतात. हा कागद रसायनात बुडवावा लागत नाही. इतक्या दीर्घ प्रकाशाने तो स्वतःच काळवंडतो. मात्र पुढे प्रकाशाचा परिणाम होऊ नये म्हणून तो रसायनाने स्थिरही केलेला नसतो, त्यामुळे स्कॅनरचा प्रकाशही त्याला थोडा बिघडवतो. म्हणून एकदाच, नीट, स्कॅन करायचा आणि मग संगणकावर त्याचे काळे-पांढरे उलटे करून पाहायचे. माझ्या पहिल्या डब्यात पाणी शिरले आणि बुरशीची नक्षी मिळाली. दुसरा वाऱ्याने फिरला, त्यात दोन क्षितिजे आहेत. तिसरा साधला. त्या चित्रात घरे आहेत, खांब आहेत, १८० पेक्षा जास्त दिवसांचा सूर्य आहे, आणि माणूस एकही नाही. समोरून रोज माणसे जात होती, पण कागदावर उमटण्याइतका वेळ कोणीच थांबले नव्हते.

या वेळखाऊपणाला हौशी माणूसच योग्य, असे मला वाटते. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधला विल्सन बेंटली हा शेतकरी होता. त्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र काढले आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत ५,००० हून अधिक हिमकण टिपले. कोणत्याही गिऱ्हाइकाने त्याला इतकी मुदत दिली नसती.

राहिले हात. ते मी सहसा कोणाला दाखवत नाही, पण विचारणाऱ्यांना त्यांचीच उत्सुकता जास्त असते. आईच्या हातांचे मी दरवर्षी एकाच तारखेला एक छायाचित्र काढते : त्याच खिडकीजवळ, त्याच टेबलावर, दोन्ही तळवे खाली. हे नववे वर्ष. इथला पहिला नियम माझा नाही, तिचा आहे. चेहरा नको, आणि तिला विचारल्याशिवाय कोणाला दाखवायचे नाही. तिसऱ्या वर्षी तिने "आता पुरे" असे म्हटले होते आणि मी कॅमेरा आवरून ठेवला होता. पुढच्या वर्षी त्या तारखेला तीच टेबलाशी येऊन बसली, म्हणून मालिका तुटली नाही. मी त्या चित्रांत त्वचेचा पोत, शिरांच्या सावल्या, नखांवरचा उजेड हे सगळे फार बारकाईने पाहते, असा माझा समज होता. यंदा तिने पहिल्यांदाच सगळी चित्रे एकत्र पाहायला मागितली. मी ती टेबलावर ओळीने मांडली. चष्मा लावून तिने एकदा डावीकडून उजवीकडे पाहिले आणि सहाव्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "इथे अंगठी करंगळीत गेली बघ. सांधे सुजले होते, जुन्या बोटात जाईना. तुला दिसले नव्हते?"

मला दिसले नव्हते. तीन वर्षे ती अंगठी दुसऱ्या बोटात होती, दर वेळी मी तिच्यावर फोकस साधत होते.