पी.बी. रोडवरून थेट ट्रॅकवर: पहिल्या रेसची तयारी

बेळगावातून जाणारा पी.बी. रोड, म्हणजे पूर्वीचा एनएच 4 आणि आताचा 48, तसाच धरून ठेवला तर बंगळूर, होसूर, कृष्णगिरी करत श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला पोचतो. मद्रास इंटरनॅशनल सर्किट तिथेच आहे. आठशे किलोमीटरच्या वर अंतर आणि वळण असं एकही चुकण्यासारखं नाही. चुकतं ते निघायच्या आधी, रेससाठी मोटरसायकल तयार करताना.

चोर्ला घाटात गोव्याच्या पोरांना मागे टाकणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ट्रॅकवर त्या वेगाचा उपयोग पहिल्या दिवशी फारसा होत नाही. नवख्याची पहिली रेस जाते ती स्क्रूटिनीत, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या गाडीच्या तपासणीत, टायरच्या हवेत, नाहीतर ब्रेक ऑइलमध्ये. थ्रॉटलपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

आधी कागद. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, स्पर्धा लायसन्स, त्यासाठीची वैद्यकीय तपासणी, रक्तगट, आणि स्पर्धेच्या ज्या फेरीत उतरणार तिची नियमावली छापून घ्या. ही नियमावली दोनदा वाचा. आपल्या क्लासमध्ये स्प्रॉकेट बदलता येतं का, टायर कुठला चालतो, सायलेन्सर मूळचाच हवा का, हे मिस्त्रीला विचारू नका, त्या कागदात बघा. अनुभवी मिस्त्रीसुद्धा मागच्या वर्षीचा नियम सांगतो. गाडीची मूळ आरसी आणि विकत घेतल्याची पावती सोबत असू द्या. नंबरप्लेट आणि हेडलाइट काढलेली केए-22 ची (बेळगाव पासिंगची) गाडी टेंपोत उभी दिसली की नाक्यावर प्रश्न येणारच.

काढायच्या वस्तू सोप्या आहेत: आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, दोन्ही स्टँड, लेगगार्ड, साडीगार्ड, मागच्या सीटचे फूटरेस्ट. साइड स्टँड काढलात तर त्याचा सेन्सर बायपास करायला विसरू नका, नाहीतर गिअर टाकला की इंजिन बंद. हँडलची दोन्ही टोकं बुजलेली हवीत, क्लच-ब्रेक लिव्हरच्या टोकाचा गोळा शाबूत हवा, थ्रॉटल सोडला की आपोआप मिटला पाहिजे. हे शेवटचं हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा. केबल चुकीच्या बाजूने ओवली असेल तर एका टोकाला थ्रॉटल अडकतो आणि घरी ते कधीच कळत नाही. रेडिएटरवाल्या गाडीतलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट डांबरावर सांडलं की ते ऑइलइतकंच निसरडं, आणि धुतल्याशिवाय जात नाही.

आता लॉकवायर. पहिल्यांदा जाणाऱ्यांना स्क्रूटिनीवाले सगळ्यात जास्त परत पाठवतात ते यावरून.

ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण आणि फिल्टर कव्हरचे बोल्ट तारेने बांधलेले हवेत. कंपनाने बोल्ट सैल झाला तरी तो फिरून बाहेर पडू नये, एवढाच उद्देश. बोल्टला भोक पाडायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही लेथवाला चालेल, पण त्याला नीट सांगा. भोक डोक्याच्या मधोमध नको. षटकोनाच्या एका सपाट बाजूतून शिरून शेजारच्या बाजूतून बाहेर पडेल असं कोपऱ्यात हवं, दीड मिलिमीटरचं. आधी सेंटर पंचने खोलसा ठोका मारला नाही तर ड्रिल घसरतं आणि एवढं बारीक बिट पटकन मोडतं. मोडलेला तुकडा आत राहिला की तो बोल्ट गेलाच, म्हणून बोल्ट दोन न्या. कोबाल्टचं बिट, कमी वेग, कटिंग ऑइलचा थेंब. घाई केली की डोकं तापतं, कडक होतं आणि पुढे भोक सरकत नाही.

तार स्टेनलेसची, 0.8 मिलिमीटरची. भोकातून ओवून दोन्ही टोकं पकडीत धरायची आणि इंचाला सहा ते आठ पीळ येतील एवढी वळायची. तारेची ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने पडली पाहिजे. बोट ठेवून बघा: बोल्ट सैल करायला गेलं की तार ताणली पाहिजे. ढिली पडत असेल तर उलटी बांधलीय, कापा आणि पुन्हा करा. दुसरं टोक इंजिनच्या पक्क्या भागाला बांधा, सायलेन्सरच्या पाइपला नको. उरलेलं टोक आत वळवून टाका, नाहीतर पुढच्या वेळी ऑइल बदलताना हात फाटतो. जास्त पीळ देणं ही दुसरी चूक. तार चमकायची थांबून पांढरट दिसायला लागली की ती आतून मोडायला आलेली असते.

बोल्ट बांधून झाले की ब्रेक. जुनं ब्रेक ऑइल रस्त्यावर चालतं, ट्रॅकवर पाचव्या लॅपला लिव्हर हँडलला टेकतो. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं. पाणी शोषल्यावर हाच आकडा 155 वर येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पाणी किती पटकन शोषतं ते वेगळं सांगायला नको. निघायच्या आठवड्यात नवं सीलबंद डबं फोडा, पूर्ण लाइन ब्लीड करा (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढा), उरलेलं डबं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. पॅड नवे असतील तर ते इथेच बसवून घ्या: ताशी 60 वरून 20 पर्यंत दहा-बारा वेळा ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही.

टेंपोत गाडी बांधण्याबद्दल थोडंच. छोट्या हत्तीच्या हौद्यात 150-200 सीसीची गाडी सरळ मावते. चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढचे दोन्ही शॉक एकत्र धरणाऱ्या पट्टीला), हँडलला नाही. पुढचे शॉक निम्मे दबतील एवढाच ताण द्या, पूर्ण दाबून पंधरा तास ठेवलं तर सील गळायला लागतात. हुबळीला थांबून पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ते हमखास सैल पडतात.

तिथे पोचलात की एक गोष्ट बेळगाववाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवायची. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर राहतो आणि ट्रॅक जवळजवळ समुद्राच्याच पातळीला आहे. हवा तिथे दाट. उन्हाळा धरूनही साधारण पाच टक्के जास्त. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरची गाडी मात्र इथल्या हवेवर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड) लावून नेली की तिथे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वरच्या आरपीएमला गाडी अडखळते, इंजिन तापतं, आणि दम धरून तसंच पळवलं तर पिस्टनवर बेततं. मूळ मेन जेटच्या वरचे दोन आकडे खिशात ठेवा, म्हणजे 112.5 असेल तर 115 आणि 117.5. सरावाच्या शेवटी प्लग काढून बघा: चिनीमातीचा भाग पांढराफटक आणि त्यावर बारीक ठिपके असतील तर जेट वाढवा, काजळी असेल तर कमी करा. नवा कोरा प्लग एका सेशनमध्ये रंग पकडेलच असं नाही, तेव्हा चार-पाचशे किलोमीटर चाललेला प्लग लावून जा.

टायरमधली हवाही तिथेच मोजायची. बेळगावात भरलेले 30 पौंड तिथे उंचीच्या फरकाने पौंडभर कमी दिसतात आणि उन्हाने तेवढेच वाढतात, म्हणजे घरच्या आकड्याला अर्थ नाही. रस्त्यावर पुढे 28, मागे 32 च्या आसपास भरतो, ट्रॅकवर थंड टायरला त्याहून दोन ते चार पौंड कमी ठेवून सुरुवात करा. सेशन संपवून पिटमध्ये आलात की मिनिटाच्या आत गेज लावा. हेल्मेट काढत, पाणी पीत बसलात तर आकडा पडतो आणि मोजण्यात अर्थ राहत नाही. गरम झाल्यावर वाढ सहा-सात पौंडांच्या वर गेली तर सुरुवातीला हवा कमी होती. टायर जास्त चुरगळला आणि म्हणून जास्त तापला. वाढ एक-दोनच असेल तर एकतर हवा जास्त आहे, नाहीतर तुम्ही हळू चालवताय. बहुतेक वेळा दुसरंच असतं. दर वेळी तोच गेज वापरा. पंक्चरवाल्याच्या गेजवर विसंबू नका.

साधारणपणे शुक्रवारी सराव, मग क्वालिफाइंग, आणि शनिवार-रविवारी रेस. ऑफिसातून ट्रान्सपाँडर (लॅपची वेळ नोंदवणारं छोटं यंत्र) घेतलात की लगेच चार्जिंगला लावा आणि लावताना त्याचा दिवा बघा. तो बंद पडला तर तुमचा एकही लॅप नोंदला जात नाही, आणि मग वेळ घड्याळात दिसली होती असं सांगून उपयोग नाही.

पहिल्या सेशनमध्ये वेळ काढायला जाऊ नका. ट्रॅक 3.7 किलोमीटर, बारा वळणं, सगळे जण त्यांची सी-1 पासून सी-12 अशीच नावं घेतात. तुम्हीही तशीच पाठ करा, म्हणजे दुसऱ्याला प्रश्न विचारता येतो: 'सी-2 ला गिअर कुठला?' पहिले दोन लॅप टायर तापवायचे. तिसऱ्यापासून प्रत्येक वळणाआधीची एक न हलणारी खूण ठरवा: बोर्ड, डांबराचा जोड, मार्शलची चौकी. सावली नाही, ती दुपारी सरकते. ब्रेक त्या खुणेवर, आणि पुढच्या सेशनमध्ये पाच मीटर पुढे. एका वेळी एकच वळण सुधारा. सगळीकडे एकदम उशिरा ब्रेक मारणारा नवखा एक-दोन सेशनमध्ये वाळूत सापडतो.

झेंडे परीक्षेसारखे पाठ हवेत. पिवळा हलला की ओव्हरटेक बंद, हिरवा दिसेपर्यंत. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. अशा वेळी बाजूला वळू नका, आपली लाइन (चालवायची ठरलेली वाट) धरा, मागचा आपोआप पुढे जाईल. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे ऑइल नाहीतर पाणी. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा नंबर म्हणजे गाडीत बिघाड आहे, लगेच लाइन सोडून बाहेर. हा दिसत असताना 'गाडी तर बरी चाललीय' असं वाटतंच, कारण ऑइल मागच्या चाकावर गळत असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. ब्रीफिंग इंग्रजीत आणि तमिळमध्ये होतं. कळलं नाही तर हात वर करा. पॅडॉकमध्ये (टीम गाड्या ठेवून काम करतात त्या आवारात) बंगळूरच्या टीम असतात, तिथे आपलं कन्नड कामाला येतं. टॉर्क पाना उसना मिळवायला कन्नडइतकी चांगली ओळख नाही. (बेळगावच्या कुंद्याचा, म्हणजे आपल्या मिठाईचा डबाही चालतो.)

रेसला पेट्रोल मोजून. आठ लॅप म्हणजे तीस किलोमीटर, वर रेसआधीचे साइटिंग आणि वॉर्मअप लॅप. पूर्ण थ्रॉटलवर 150-200 सीसीची गाडी लिटरला पंधरा किलोमीटरच्या आसपास देते, म्हणून अडीच-तीन लिटर पुरतं. पूर्ण टाकी भरणं म्हणजे लिटरमागे पाऊण किलो फुकट वाहणं. पण अगदी काठावरही नको: वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन दम तोडतं, आणि रेसनंतर नमुना मागितला तर टाकीत काहीतरी हवं.

ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांमध्ये, लाल दिवे लागतात, दोन ते पाच सेकंदांत विझतात. विझल्यावर सुटायचं, शेजारी हलला म्हणून नाही. अंग पुढे टाकीवर, आरपीएम स्थिर, क्लच अर्ध्यावरून सोडत सोडत. याचा सराव शुक्रवारी दोन-तीनदाच करा, छोट्या गाडीच्या क्लच प्लेटा दहाव्या स्टार्टला वास मारायला लागतात. आणि पहिल्या वळणाला ठरलेली खूण वापरू नका. घोळक्यात पुढच्यांच्या आडोशाने वारा लागत नाही, गाडी सरावापेक्षा जास्त वेगात पोचते, आणि ब्रेक मारताना जो वारा एरवी छातीवर येऊन मदत करतो तोही नसतो. दहा-पंधरा मीटर आधी ब्रेक.

पाऊस आपल्याला नवा नाही, पण ट्रॅकच्या कडेचे रंगवलेले कर्ब ओले झाले की शहाबादी फरशीसारखे होतात. त्यांच्यावर चाक नेऊ नका.

पडलात तर घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. थांबलो असं वाटल्यावर एक-दोन अंक मोजा, मग आधी मागून येणाऱ्या गाड्या बघा आणि भिंतीपलीकडे व्हा. गाडी मार्शल उचलतील. पडलेली गाडी पुन्हा स्क्रूटिनी झाल्याशिवाय ट्रॅकवर जात नाही, म्हणून लिव्हर, फूटपेग आणि गिअर लिव्हरचा एक जादा जोड पेटीत हवाच. सगळ्यात आधी तेच मोडतात.

लेदर सूटमध्ये चेन्नईची दुपार म्हणजे भट्टी. तहान लागायची वाट बघू नका, सेशन संपलं की अर्धा लिटर पाणी, दिवसातून दोनदा ओआरएस. जेवण हलकं, इडली नाहीतर दहीभात. बिर्याणी रविवारी संध्याकाळी.

परतल्यावर सोमवारी सगळ्यात आधी रेडिएटरमधलं पाणी काढून कूलंट भरा. साधं पाणी पुढच्या फेरीपर्यंत तसंच राहिलं तर ॲल्युमिनियमला आतून पांढरा गंज धरतो, आणि तो रेडिएटर पुढच्या वेळी ट्रॅकवरच गळतो.