गोठ्यातल्या मांजरासाठी सही

इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये गोठ्यासाठी मांजर हवं असेल तर ॲनिमल शेल्टरवाले आधी कागद पुढे करतात. माणसाळत नाहीत अशी मांजरं ते बहुतेक वेळा फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली, बऱ्याचदा डाव्या कानाचं टोक छाटलेली, म्हणजे ऑपरेशन झालेलं मांजर लांबूनच ओळखू येतं. बदल्यात अटी असतात. रोज खाणं-पाणी, निवारा, दुखलंखुपलं तर डॉक्टर, आणि पहिले तीन-चार आठवडे कोंडून ठेवणं. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हे वाचून हसूच येणार. आपल्या मळ्यावर मांजर कोण आणतो? ते आपणहून येतं.

पण ती कोंडण्याची अट अगदी बरोबर आहे. नवीन जागी आणून पहिल्याच दिवशी सोडलेलं मांजर जुन्या घराच्या ओढीने चालू पडतं आणि रस्त्यात मरतं. म्हणून ज्या गोठ्यात राहायचं तिथेच मोठा पिंजरा लावायचा. गुरांचा वास आणि मिल्किंग मशीनचा आवाज तिथेच अंगवळणी पडतो. आत लपायला खोकं, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे (वाळूत थोडी माती मिसळली तर रानटी मांजर तो लवकर वापरतं). खाणं रोज ठरल्या वेळी, आणि दर वेळी डबा तसाच वाजवून. एकापेक्षा दोन मांजरं आणली तर जास्त टिकतात. मुदत संपल्यावर संध्याकाळच्या खाण्याच्या थोडं आधी, भुकेल्या पोटी दार उघडायचं आणि पिंजरा आणखी काही दिवस तिथेच राहू द्यायचा. आपल्याकडे पोत्यात घालून दुसऱ्या गावी सोडलेलं मांजर तिथे का टिकत नाही, ते यावरून कळावं. इथले लोकही काही संत नाहीत म्हणा. शहरातली नकोशी मांजरं रात्री शेताच्या कडेला सोडून जाणारे इथेही आहेत.

‘खायला घातलं की उंदीर मारत नाही’ हा आपला लाडका समज मात्र चूक आहे. शिकार भुकेवर अवलंबून नसते. उपाशी मांजर उंदीर धरण्याऐवजी दुसरीकडे अन्न शोधत फिरतं, पोट भरलेलं कांद्याच्या चाळीतच मुक्काम करतं. आणि दूध-पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं.

पिल्लांचं गणित वेगळं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, त्यामुळे एकटी दिसलेली पिल्लं लगेच अनाथ समजून उचलू नका. भोवती थोडं पीठ भुरभुरवा आणि काही तास लांब राहा. पावलं उमटली तर आई येऊन गेली. खरोखर अनाथ असतील तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही, जीवावर बेततं. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, पण पिल्लाला दूर सरकायला जागा हवी. गायीच्या दुधाने हगवण लागते, म्हणून मांजराच्या पिल्लांची दूधपावडरच वापरा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण २५ ते ३० मिली, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. पालथं धरून पाजा. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसा, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. रोज वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन थांबलं की डॉक्टरकडे न्या.

जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं जंताचं औषध दर पंधरवड्याला. सर्दीने डोळे चिकटले तर कोमट मिठाच्या पाण्याने सोडवा, ओढू नका. ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ते विष आहे. आणि नसबंदी आईला आधी: पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की तीही तयार. शेळ्या असतील तर हे आणखी मनावर घ्या. कोवळ्या मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी चाऱ्यात जातो आणि शेळ्या गाभ टाकतात. खाद्याचं पिंप झाकलेलं हवं.

थंडीसाठी इथे खोक्यात पेंढा भरतात, गोधडी नाही. गोधडी ओल धरते. उणे वीसच्या या हवेत ते लागतंच. निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत आपल्याकडेही एक खोकं चालेल, बाकी वर्षभर आपल्या मांजरांना चाळ पुरते. यात आपण इथल्यांपेक्षा नशीबवान.

गुरांवर गोचिडाचं औषध मारताना मात्र मांजरं बाहेर काढा. त्यातलं पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन मांजराच्या अंगावर पडलं किंवा ओलं असताना चाटलं, तर तासाभरातही झटके येऊ शकतात. गुरांचं अंग पूर्ण सुकेपर्यंत गोठ्याचं दार बंद.