हमीभावाने सोयाबीन घालताना: माझा अनुभव

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीनंतर आमच्या लातूर भागातल्या आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे, मिळत होते चार हजार, माल चांगला असला तर बेचाळीसशे. सातशे ते नऊशेचा फरक सोडवत नव्हता. त्यामुळे निम्मा माल सरकारी केंद्रावर घालायचं ठरवलं. निम्माच, कारण हरभऱ्याचं खत-बियाणं आणि काढणीची मजुरी केंद्राच्या 'माल आणा' मेसेजची वाट बघत थांबत नाही.

कृषिमूल्य आयोगाने त्या वर्षी देशपातळीवर क्विंटलला ३,२६१ रुपये उत्पादन खर्च धरला होता, त्याची दीडपट म्हणजे ४,८९२. या खर्चात बियाणं, खत, मजुरी आणि घरच्या माणसांचं राबणं येतं. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि अडकलेल्या भांडवलाचं व्याज येत नाही. 'दीडपट भाव दिला' आणि 'कुठं दिला?' हे भांडण खंड-व्याज न धरणाऱ्या आणि धरणाऱ्या अशा दोन हिशेबांमधलं आहे.

नोंदणीला सातबारा, आधार आणि पासबुक लागलं. खरी मेख ई-पीक पाहणीत. उभ्या पिकात जाऊन ॲपवर फोटो टाकला असेल तरच सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा दिसतो, आणि पेरा दिसला तरच केंद्र नाव घेतं. किती क्विंटल घेणार हे तुमच्या ढिगाऱ्यावर नाही, पेऱ्यावर आणि जिल्ह्याच्या ठरलेल्या उत्पादकतेवर ठरतं. एकरी उतारा त्याहून जास्त आला तर वरचा माल आडतीवरच जाणार.

मग मेसेजची वाट. आमचे काका रोज विचारायचे, "आला का रे सरकारचा सांगावा?" त्यांनी स्वतःचा माल केव्हाच बाजारात घालून विक्रीची पट्टी खिशात टाकली होती.

मेसेज आला आणि ट्रॅक्टर रांगेत लागला. केंद्रावर सगळ्यांची नजर एकाच यंत्रावर. ग्रेडर पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, यंत्रात ओततो, आणि आकडा येईपर्यंत कुणी बोलत नाही. अट १२ टक्के ओलाव्याची. १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ वर नेली (विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, हे आपलं सहज आठवलं). तोवर वाळवणाऱ्यांनी वाळवलं होतं आणि गरजवंतांनी विकलं होतं. माझा माल ओलाव्याच्या अटीत बसला, माती-कचऱ्याच्या अटीत अडकला. "दादा, चाळणी मारा, असा नाही घेता येणार," ग्रेडर म्हणाला. चाळणीखाली काडीकचरा आणि फुटके दाणे पडले, त्यांचं वजन गेलं आणि चाळायची मजुरी माझ्या अंगावर आली. चाळून झालं तर बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपलेला. राज्यभर तेव्हा तीच रड होती. रात्र ट्रॉलीवर काढली. बाजूच्या ट्रॉलीतला एकजण वैतागून तसाच आडतीकडे वळला. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं, त्याला दोष कसा देणार?

त्या रात्री गप्पांचा विषय एकच: सप्टेंबरमध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सेससकट ५.५ वरून २७.५ टक्के केलं, तरी सोयाबीन का चढेना? उत्तर पेंडीत आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा किलो, बाकी बहुतेक पेंड. तेव्हा जगात सोयाबीन मुबलक होतं, त्यामुळे बाहेर पेंड स्वस्त आणि आपली निर्यात अवघड. त्यात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतोय. शुल्काने तेल महागलं, पण पेंड पडली तिथं कारखानदार दाण्याला भाव कुठून देणार? इथेनॉलचं धोरण एका खात्याचं, हमीभाव दुसऱ्याचा, तेलाची महागाई तिसऱ्याची डोकेदुखी. माल मात्र तिन्हींच्या मधे आमचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माप झालं. पन्नास-पन्नास किलोचे कट्टे भरले, शिवले, पावती मिळाली. पावतीवरचं नाव, खाते क्रमांक आणि वजन तिथंच वाचून घ्या. एक आकडा चुकला तर पैसे कुठं अडकले हे कुणी सांगू शकत नाही. माझे पैसे थेट खात्यात आले, पण बऱ्याच उशिराने. तोवर कृषी दुकानदाराची उधारी व्याजासकट वाढली होती. चाळणी, भाडं, व्याज वजा करून आडतीपेक्षा क्विंटलमागं पाचशेच्या आसपास जास्त पडले. मला परवडलं. पाच-सहा क्विंटलवाल्याला तेवढ्यासाठी इतकं थांबणं परवडेलच असं नाही.

पुढं मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ (सेस सोडून) शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, आणि त्याच आठवड्यात नव्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला. काकांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "आधी बारदाना आलाय का ते विचार."